निम्म्या वेगाने

क्लुजच्या थिएटरात मी दिवे सांभाळतो. एकतीस वर्षं.
पडदा पडतो तेव्हा माझे दोन्ही हात खटक्यांवर असतात,
म्हणून मी कधी टाळी वाजवलेली नाही.
तिने विचारलं नसतं
तर हे माझ्या ध्यानातही आलं नसतं.

स्मारांदा वेर्देश. आधी पदार्थविज्ञान,
मग चार वर्षं मुंग्या,
मग समाजशास्त्राच्या इमारतीत जिन्याखालची खोली.
धड इकडची नाही, धड तिकडची नाही;
दोन्हीकडचे लोक तिला बघितलं की घड्याळ बघायचे.
नोव्हेंबरात ती माझ्याकडे शिडी मागायला आली.
छताला सहा माइक टांगायचे होते.
म्हटलं, बाई, नाटक खाली होतं.
म्हणाली, मला नाटक नकोय,
नाटक संपल्यावरचं हवंय.

तीन मिनिटांच्या टाळ्या ती तीन-तीन आठवडे ऐकायची.
आधी नुसता पत्र्यावर मका ओतल्यासारखा आवाज.
मग कुठेतरी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना,
ठेका.
"पहिला कोण?" मी विचारलं.
"पहिला नसतोच, बेनी बाची."

हे मला पटेना.
माझ्या उमेदीत पहिला असायचा:
कारखान्याच्या सभागृहात, डाव्या खांबापाशी,
करड्या सुटातला, हातात रुमाल.
रुमाल वर की टाळ्या.
रुमाल खिशात की बूड टेकायचं.

तळघरात त्या सभांच्या टेपा होत्या, उंदरांनी सोडलेल्या.
दिल्या तिला.
कानाला लावून बसली; चहावर साय धरली, तरी उठेना.
शेवटी म्हणाली, "यात चाचपडणं नाही.
पहिल्या क्षणापासून एकसारखं.
इथे कुणी कुणाला ऐकतच नाहीये,
सगळे रुमाल ऐकताहेत."
मी हसलो. घरी गेल्यावर हसू आलं नाही.
त्या टेपेत माझेही हात असतील का?
नसावेत. मी तेव्हाही दिव्यांपाशी होतो.
असं मी स्वतःला दोनदा सांगितलं.

एका हाताने टाळी वाजत नाही, हे कुणीही सांगेल.
आठशे जणांची कशी वाजते, ते तिने
तिकिटाच्या पाठीवर मांडून दाखवलं:
जुळायचं तर प्रत्येकाने वेग निम्मा करायचा.
निम्मा केला की आवाज उतरतो.
आवाज उतरला की लोकांना राहवत नाही,
नटीला आणखी काही द्यावंसं वाटतं,
हात घाई करतात, ठेका फुटतो,
पुन्हा मका, पुन्हा पत्रा.
"म्हणजे जमतं आणि मोडतं?"
"मायेपोटी मोडतं," म्हणाली,
आणि जीभ चावली. "हे निबंधात नाही लिहिणार."

मार्चमध्ये शेवटची नोंद.
तिने मला खटक्यांवरून उठवलं.
"चौदावी रांग, कडेची खुर्ची. जा."
एकतीस वर्षांत मी ते छत खालून पाहिलं नव्हतं.
भेगा आहेत.

पडदा पडला. वाजवायला लागलो, अडाण्यासारखा,
तळव्यावर तळवा नीट बसेना.
ठरवलं होतं, आज पकडायचाच, कोण सुरू करतं.
डावीकडे पाहिलं: एक म्हातारी, हातमोज्यांत.
उजवीकडे: शाळेतली पोरं, एकमेकांना ढोसत.
पुन्हा डावीकडे वळेपर्यंत
ठेका माझ्याच हातात होता, संथ,
आणि तो मी कुणाकडून घेतला
ते विचारायला कुणी नव्हतं.

तेवढ्यात अंधार.
वर त्या विदुषीने चुकीचा खटका दाबला होता, सगळ्या घराचा.
कुणाला कुणाचे हात दिसेनात.
टाळी अडखळली नाही.
म्हातारीचे हातमोजे माझ्या शेजारी
मऊ, थोडे उशिरा, पण वेळेवर.

दुसऱ्या दिवशी तिने माफी मागितली.
व्यवस्थापकाला मी सांगितलं, फ्यूज.